थेंबभर रक्त, ढीगभर दावे

‘आता रक्ताच्या एका थेंबातून कळणार कॅन्सर!’ दर दोन-चार महिन्यांनी अशी एक बातमी येतेच. आपण ती वाचतो, ‘वॉव’ म्हणतो, घरच्या ग्रुपवर टाकतो. मावशी नमस्काराचा इमोजी टाकते आणि विषय संपतो. ती चाचणी पुढे कुठे गेली, डॉक्टर ती वापरायला लागले का, हे कुणीच विचारत नाही. हल्ली तर रील बघता बघता जाहिरातही येते: घरी या, रक्त घ्या, शंभर गोष्टी तपासा, वर डिस्काउंट कोड.

या बातम्यांच्या मागे बरेचदा एकच तंत्र असतं, मास स्पेक्ट्रोमेट्री. आणि त्यावर उभं असलेलं एक तरुण शास्त्र, मेटाबोलोमिक्स. मी या शास्त्राचा चाहता आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणूनच ते ज्या पद्धतीनं विकलं जातं, त्याचा राग येतो. माझं म्हणणं एवढंच, की या थेंबावर विश्वास ठेवायचा की नाही हे यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. यंत्रात थेंब जायच्या आधी कुणी किती कंटाळवाणं काम नीट केलं, त्यावर ठरतं. आणि ते काम करायला माणसं कमी पडतात.

आधी गोष्ट काय आहे ती समजून घेऊ. तुमचे जीन्स म्हणजे आजीची पाककृतींची वही. वहीत पुरणपोळी लिहिलेली आहे, पण आज घरात पुरणपोळी झाली की मॅगी, हे वही सांगणार नाही. ते ओट्यावरची खरकटी भांडी सांगतील. शरीरातली ही ‘भांडी’ म्हणजे मेटाबोलाइट्स: साखर, अमिनो आम्लं, लॅक्टिक अॅसिड, फॅटचे तुकडे, असे हजारो छोटे रेणू. सकाळी वडापाव खाल्लात की तासाभरात रक्तातली ही यादी बदलते. रात्री जागलात, जिमला गेलात, क्रोसिन घेतलीत, तरी बदलते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डेटाबेसमध्ये माणसाच्या मेटाबोलाइट्सच्या दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत. त्यातले कितीतरी रेणू अजून फक्त ‘असायला हवेत’ एवढ्याच अंदाजावर यादीत आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत.

मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचं वजन करणारं यंत्र. रेणूला विद्युतभार द्यायचा, त्याला निर्वात पोकळीत उडवायचं आणि वजन व विद्युतभार यांच्या प्रमाणानुसार वेगळं काढायचं. काटा विलक्षण बारीक, पण एक गंमत आहे. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन या दोन अमिनो आम्लांचं वजन तंतोतंत सारखं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचंही तसंच. नुसतं वजन बघून ओळख पटत नाही, जशी ‘५८ किलोचा मुलगा’ एवढ्यावर तुम्ही वर्गातल्या कुणाला शोधू शकणार नाही. म्हणून आधी रेणूंना एका बारीक नळीतून पळवून कोण कधी बाहेर येतो ते बघतात, आणि मग त्यांचे तुकडे करून त्या तुकड्यांचंही वजन करतात. दोनदा वजन करणाऱ्या या प्रकाराला टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात.

प्रथिनांसारखे अवाढव्य रेणू न मोडता उडवणं ही मोठी अडचण होती. ती सोडवणाऱ्यांपैकी एक कोइची तानाका. जपानमधल्या शिमाद्झू कंपनीतला इंजिनिअर, शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, पीएच.डी. नाही. १९८५ मध्ये त्यानं चुकून धातूच्या भुकटीत ग्लिसरीन ओतलं. महागडी भुकटी टाकून देणं जिवावर आलं, म्हणून तेच मिश्रण वापरून बघितलं आणि मोठे रेणू उडताना दिसले. २००२ मध्ये त्याला रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्लेसमेंटमध्ये नाव यादीत नाही म्हणून तोंड पाडून बसलेल्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. पण आज मला सांगायची आहे ती त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट.

तिच्याआधी थोडं मागं जाऊ, कारण मेटाबोलाइट बघून आजार ओळखायची कल्पना यंत्रापेक्षा जुनी आहे. १९३४, ओस्लो. एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन डॉक्टर आस्ब्यर्न फ्योलिंगकडे आली. कित्येक डॉक्टर करून झाले होते. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास येतो, असं तिचं म्हणणं. फ्योलिंग केमिस्ट्रीही शिकलेला होता. त्यानं लघवीत फेरिक क्लोराइड घातलं, आणि ती हिरवी झाली. असा रंग त्यानं कधी पाहिला नव्हता.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? फोटो काढून स्टोरी टाकली असती ना? फ्योलिंगनं आईला सांगितलं, मुलांना आठवडाभर कुठलंही औषध देऊ नका आणि मग पुन्हा लघवी आणा. कारण हा रंग आजाराचा आहे की औषधाचा, हे आधी कळायला हवं. औषधं बंद करूनही रंग हिरवाच आला, तेव्हा त्यानं तो पदार्थ वेगळा करून ओळखला. मग मतिमंद मुलांच्या संस्थांमधून शेकडो नमुने मागवून तपासले, त्यात आणखी काही मुलं सापडली. हाच फिनाइलकीटोन्युरिया, पीकेयू. शरीराला एक अमिनो आम्ल पचवता येत नाही, ते साठत जातं आणि मेंदूचं नुकसान करतं.

ते आठवडाभराचं औषधबंदीचं वाक्य लक्षात ठेवा. माझ्या मते या सगळ्या शास्त्राचं मर्म त्या एका वाक्यात आहे.

पुढे साठच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब टिपकागदावर घेऊन पीकेयू शोधण्याची पद्धत आणली. लवकर कळलं की आहार बदलायचा, आणि बाळ इतर मुलांसारखं वाढतं. नव्वदच्या दशकात त्याच टिपकागदावरच्या रक्तासाठी टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आली. एका आजारासाठी एक चाचणी करण्याऐवजी दोन-तीन मिनिटांत डझनावारी रेणू मोजता यायला लागले. म्हणजे ‘एका थेंबात अनेक आजार’ हे खरंच घडलं आहे बरं का! फक्त त्यामागे साठ वर्षांची कसून तपासणी होती, आणि आजार सापडल्यावर काय करायचं याचं उत्तरही तयार होतं.

आता २००२. फेब्रुवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला आणि जगभर मथळे झाले. अंडाशयाचा कॅन्सर फार उशिरा कळतो, तोवर बहुतेकदा तो पसरलेला असतो. या अमेरिकन गटानं स्त्रियांच्या रक्तातल्या प्रथिनांचा मास स्पेक्ट्रोमीटरवरचा आलेख घेतला, तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमला शिकवला आणि मग नवे ११६ नमुने ओळखायला दिले. कॅन्सर असलेल्या ५० पैकी ५० ओळखले. नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर. बारावीच्या टक्केवारीसारखं वाटतं की नाही? १०० आणि ९५.

पहिली अडचण साध्या अंकगणिताची आहे, वहीत करून बघा. समजा दहा हजार स्त्रिया तपासल्या आणि त्यात खरा कॅन्सर चौघींना आहे. चाचणीनं चारही पकडल्या. उरलेल्या ९,९९६ पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे पाचशे जणींना उगाच ‘पॉझिटिव्ह’ सांगितलं. आता ५०४ बायका घाबरून बसल्या आहेत, त्यात आजारी फक्त चार. आणि अंडाशयाच्या कॅन्सरची खात्री ऑपरेशन करूनच पटते. पाचशे निरोगी बायकांची पोटं उघडायची का? जाहिरातीत ‘९५ टक्के अचूक’ लिहितात तेव्हा हा हिशोब कुणी छापत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल. त्या गटानं आपला डेटा सगळ्यांसाठी खुला केला होता, ही त्यांची चांगली गोष्ट. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांच्या गटानं तो आणि त्याच गटाचा नंतरचा डेटा उतरवून घेतला. त्यांच्याकडे रक्त नव्हतं, पेशंट नव्हते. होते फक्त आकडे. त्यांना दिसलं, की कॅन्सर आणि निरोगी यांतला फरक आलेखाच्या अशा भागातही दिसतोय, जिथे प्रथिनांची माहिती नसते, नुसता यंत्राचा गोंगाट असतो. म्हणजे रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधली खरखर ऐकून कुणी सांगावं की हा गायक आजारी आहे! खरखरीत फरक आहे याचा अर्थ आजारी आणि निरोगी नमुने बहुधा वेगवेगळ्या वेळी, यंत्र वेगवेगळ्या अवस्थेत असताना लावले गेले. प्रोग्रॅमनं शिकलेल्यात कॅन्सर किती आणि वेळापत्रक किती, हेच सांगता येईना. ‘ओव्हाचेक’ या नावानं ती चाचणी विकायची तयारी झाली होती. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ मध्ये हरकत घेतली, आणि ती बाजारात आलीच नाही.

यात कुणी लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. म्हणून तर ही गोष्ट जास्त भीतीदायक आहे. नमुने कुठल्या क्रमानं लावले, एवढ्याशा गोष्टीवर हजारो बायकांची ऑपरेशनं अवलंबून होती.

असं एकदाच झालं नाही. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रोस्टेट कॅन्सरवर मोठा अभ्यास आला. २६२ नमुने, हजाराहून जास्त मेटाबोलाइट्स, आणि त्यातून सार्कोसीन नावाचा साधा रेणू पुढे आला, लघवीतही सापडणारा. लगेच पुढच्या वर्षी जर्मनीतल्या एका गटाला लघवीत तो फरक दिसला नाही. वाद बराच काळ चालला. तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या प्रोस्टेटच्या रिपोर्टवर सार्कोसीन लिहिलेलं पाहिलंय का कधी? तिथे अजून पीएसएच असतं.

मग हे शास्त्र नुसतं हवेतलं आहे का? नाही. २०११ मधला एक अभ्यास बघा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यानपिढ्या लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवतात. तिथे साखर नॉर्मल असलेल्या २,४२२ जणांचं रक्त साठवून ठेवलेलं होतं. पुढच्या १२ वर्षांत त्यांतल्या २०१ जणांना डायबिटीस झाला. संशोधकांनी जुनं रक्त बाहेर काढलं आणि डायबिटीस झालेल्या १८९ जणांना न झालेल्या १८९ जणांशी जोडी लावून तपासलं. जोडीतल्या दोघांचं वय, वजनाचं प्रमाण, उपाशीपोटीची साखर जवळपास सारखी. तरी पाच अमिनो आम्लं वेगळी निघाली, आपले ते सारख्या वजनाचे ल्यूसीन-आयसोल्यूसीन त्यातच होते. मग हेच स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या लोकांत तपासलं, तिथेही दिसलं. रक्त आजार होण्याआधीच घेतलेलं, म्हणजे आजारामुळे किंवा औषधांमुळे फरक पडला असं म्हणायला फारशी जागा नाही. ही अमिनो आम्लं कारण आहेत की नुसती खूण, यावर पुढे भांडणं झालीच. पण ती खऱ्या निष्कर्षावरची भांडणं आहेत.

आता आपल्या दारात येऊ. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सुम यांच्या गटानं २००१ मध्ये पुण्यातल्या लोकांच्या रक्ताचा एक अभ्यास छापला. विषय होता व्हिटॅमिन बी-१२. आता हे व्हिटॅमिन रक्तात किती आहे ते मोजता येतं, पण शरीराला ते पुरतंय का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर एक मेटाबोलाइट देतो: मिथाइलमॅलोनिक अॅसिड. पेशीतल्या एका पायरीवर बी-१२ लागतं. ते नसेल तर काम तिथे अडतं आणि मागे हे अॅसिड तुंबतं, चांदणी चौकात एक बस बंद पडली की मागे रांग लागते तसं. हे नीट मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. निकाल असा, की तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांत बी-१२ कमी होतं, आणि हे अॅसिड तर त्याहूनही जास्त जणांत वाढलेलं होतं. मांसाहार न करणं हे एक कारण उघड आहे.

आता तुम्ही पुण्यात कुठल्याही आजारावर मेटाबोलोमिक्सचा प्रोजेक्ट करायला घेतलात असं समजा. एकीकडे पेशंट, दुसरीकडे ‘निरोगी’ म्हणून कॉलेजमधले मित्र. त्या निरोगी मित्रांतल्या निम्म्यांना बी-१२ची कमतरता असेल तर तुम्ही आजाराची तुलना नेमकी कशाशी करताय? परदेशी पुस्तकातलं ‘नॉर्मल’ इथे आणून चिकटवता येत नाही. तुमचे मित्र एकादशीला साबुदाणा खाऊन आले असतील, पेशंट कालपासून उपाशी असेल. पेशंटनं पॅरासिटामॉल घेतलं असेल तर यंत्र इमानदारीनं पॅरासिटामॉल दाखवेल, आणि आजाराची सगळ्यात ‘जोरदार’ खूण म्हणून तुम्ही डोकेदुखीची गोळी शोधून काढाल. फ्योलिंगनं आठवडाभर थांबायला सांगितलं ते याचसाठी.

याशिवाय बाकीची कटकट आहेच. रक्त काढून टेबलावर तसंच ठेवलं तर त्यातल्या पेशी जिवंत असतात, त्या ग्लुकोज खात राहतात आणि लॅक्टिक अॅसिड सोडतात. तासाभरानं तुम्ही पेशंट मोजत नाही, टेबल मोजता. नळीच्या प्लॅस्टिकमधले रेणू रक्तात उतरतात आणि आलेखावर ऐटीत उभे राहतात. उणे ८० अंशांचा फ्रीजर आणि रविवारची गेलेली वीज, यावर तर मी काही बोलतच नाही. म्हणून चांगल्या लॅबमध्ये आजारी आणि निरोगी नमुने चिठ्ठ्या टाकल्यासारखे मिसळून लावतात. सगळ्यांचं थोडं थोडं रक्त एकत्र करून एक मिश्रण बनवतात आणि दर काही नमुन्यांनंतर तेच पुन्हा पुन्हा यंत्रात घालतात. मिश्रणाचा आकडा सरकला म्हणजे यंत्र सरकलं. यात ग्लॅमर शून्य. या कामावर रील निघत नाही. पण २००२चा तो घोळ नेमका अशा कामानंच टळला असता.

म्हणून मला आपल्याकडच्या ‘यंत्र आणलं’ या बातम्यांचं फार कौतुक वाटत नाही. कोट्यवधींचं यंत्र, फीत कापतानाचा फोटो, आणि आत नळीवर बॉलपेननं लिहिलेलं, ओलाव्यानं पुसलेलं नाव. त्यापेक्षा नमुने नीट गोळा करणारा तंत्रज्ञ, त्याला वेळेवर पगार आणि एक धड संख्याशास्त्रज्ञ यावर पैसे गेले तर मी टाळ्या वाजवीन.

आणि इथे तुम्ही येता. तुम्हाला वाटत असेल, हे बायोकेमिस्ट्रीवाल्यांचं काम आहे. मुळीच नाही. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी एकही नळी हातात धरली नव्हती. आज अमेरिकेत ‘मेटाबोलोमिक्स वर्कबेंच’ आणि युरोपात ‘मेटाबोलाइट्स’ या नावानं हजारो अभ्यासांचा कच्चा डेटा फुकट ठेवलेला आहे. ‘एक्ससीएमएस’, ‘एमझेडमाइन’ ही सॉफ्टवेअर्सही फुकट आहेत. स्टॅट्सच्या एसवायला असलेल्या मुलीनं, कॉम्प्युटरवाल्या मित्राला हाताशी धरून, छापून आलेला एखादा अभ्यास हॉस्टेलच्या लॅपटॉपवर पुन्हा करून बघावा. सगळ्यात आधी एकच आलेख काढावा: नमुने आजारानुसार वेगळे पडतात की ज्या दिवशी तपासले त्या दिवसानुसार? माझ्या मते ठरावीक छापाच्या दहा प्रोजेक्टांपेक्षा या एका आलेखातून जास्त शिकायला मिळेल. नको तो निकाल आला तर तो लिहून काढायचा, लपवायचा नाही. प्रत्यक्ष यंत्र बघायचं असेल तर पवईच्या आयआयटीत मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुविधा आहे. तुमच्या सरांना सांगून कॉलेजकडून एक मेल जाऊ द्या, भेटीची परवानगी मागायला काय जातंय?

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहते. ज्या चाचणीवर साठ वर्षं काम झालं, जिनं खरोखर मुलं वाचतात, ती टाचेच्या थेंबाची चाचणी आपल्याकडे प्रत्येक नवजात बाळाची अजूनही होत नाही. शेजारच्या गोव्यानं २००८ मध्ये सरकारी पातळीवर ती सुरू करून दाखवली होती. इकडे मोठ्या शहरातल्या खासगी प्रसूतिगृहात पैसे भरले तर होते, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या आईला असं काही असतं हेही कुणी सांगत नाही. आणि त्याच वेळी धडधाकट, पंचविशीतल्या मुलांना शंभर रेणूंचं पॅकेज ईएमआयवर विकलं जातंय.

पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर ‘एका थेंबात कॅन्सर’ आलं की खाली एवढंच टाइप करा: ‘निरोगी म्हणून कुणाला घेतलं होतं? आणि दुसऱ्या कुणी करून बघितलं का?’ मावशी नमस्कार टाकेल, हरकत नाही. आणि ओळखीत कुणाचं बाळ येऊ घातलं असेल तर त्या ताईला टाचेच्या थेंबाबद्दल सांगा. डॉक्टरांना हे बाळंतपणाच्या आधीच विचारायचं असतं, कारण रक्त बाळ दोन-तीन दिवसांचं असतानाच घ्यावं लागतं.